दिवा आपला, डोळे समोरच्याचे

मोटारीच्या हेडलाइटचा बल्ब हा विषय कला महाविद्यालयाच्या वार्षिकात कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर सोपे आहे. आपल्यापैकी कित्येक जण रोज रात्री रस्त्यावर असतात; कोणी मोटारसायकलवर, कोणी एस.टी.त, कोणी पायी, तर कोणी काळोखात सायकल हाकीत. दिवा एकाच्या वाहनाचा असला तरी त्याचा उजेड सर्वांवर पडतो आणि त्याचा त्रासही सर्वांनाच होतो. शिवाय ‘बल्ब बदलला की रात्रीचे लख्ख दिसते’ ही समजूत इतकी रूढ झाली आहे, की तिच्यामागचे विज्ञान एकदा तपासून पाहणे अगत्याचे आहे.

प्रथम थोडे गणित पाहू. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर अंतर तोडते. पुढे काही दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत दीड सेकंद जातो असे धरले, तर तेवढ्यात गाडी २५ मीटर पुढे गेलेली असते. चांगल्या, कोरड्या रस्त्यावर तिला थांबायला त्यापुढे आणखी २३ मीटर लागतात. एकूण ४८ मीटर. वेग ताशी ८० असेल तर हाच आकडा ७४ मीटरवर जातो आणि ताशी १०० असेल तर १०६ मीटरवर. आता दुसरी बाजू पाहा. डिपरच्या उजेडात गडद कपड्यातला पादचारी पुष्कळदा ५०-६० मीटरवर येईपर्यंत दिसतच नाही. साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला, की पश्चिम महाराष्ट्रातल्या रस्त्यांवर उसाच्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रात्रभर चालू असतात. त्यांतल्या कित्येकांच्या पाठीमागे ना दिवा असतो, ना परावर्तक पट्टी. म्हणजे ताशी ८० च्या वेगाने डिपरवर जाणारा चालक, नेमके बोलायचे तर, न दिसणाऱ्या रस्त्यावर गाडी चालवीत असतो. अधिक उजेडाची इच्छा ही केवळ हौस नव्हे, ती खरी गरज आहे. प्रश्न एवढाच, की ती भागवायची कशी?

गाडीच्या दिव्याचा इतिहास याच गरजेचा इतिहास आहे. अमेरिकेत १९४० पासून ‘सील्ड बीम’ दिवे आले. त्यांत तार, परावर्तक आणि काच मिळून एकच बंद डबी असे. तार तुटली की सगळा दिवाच बदलायचा. युरोपात १९६२ मध्ये मोटारीसाठी पहिला हॅलोजन बल्ब, ‘एच-१’, निघाला आणि १९७१ मध्ये दोन तारांचा ‘एच-४’ आला. एका तारेचा उजेड लांब जातो, तिला आपण अप्पर म्हणतो. दुसरीचा जवळ आणि खाली पडतो, तो डिपर. आज एल.ई.डी.चे युग असले, तरी आपल्याकडच्या आल्टो, वॅगन-आर यांसारख्या असंख्य गाड्यांत हाच एच-४ दिसेल. म्हणून त्याचेच उदाहरण घेऊ.

साध्या बल्बमध्ये टंगस्टनची तार तापून प्रकाश देते, पण तापताना तिचे कणही उडत राहतात आणि काचेच्या आतल्या बाजूला जाऊन बसतात. काच काळवंडते, तार झिजते. हॅलोजन बल्बमध्ये आयोडीन किंवा ब्रोमीन यांसारख्या हॅलोजन वर्गातल्या मूलद्रव्याचा अंश असतो. उडालेले टंगस्टन त्याच्याशी संयोग पावते, तापलेल्या तारेजवळ परत येते आणि तिथे पुन्हा सुटे होते. काच स्वच्छ राहते आणि तार अधिक तापवता येते, म्हणून प्रकाश पांढरा व भरपूर मिळतो. हे चक्र चालण्यासाठी काच फार तप्त असावी लागते. अशा काचेला बोटाचे तेल लागले, तर तेवढीच जागा जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो. हॅलोजन बल्ब काचेला हात न लावता, बुडाला धरूनच बसवावा असे जाणकार सांगतात, ते याचसाठी.

एच-४ मधली खरी करामत मात्र वेगळीच आहे. डिपरच्या तारेखाली धातूची एक छोटीशी पन्हाळी असते. ती तारेचा खाली जाणारा उजेड अडवते. त्यामुळे परावर्तकाच्या फक्त वरच्या अर्ध्या भागावर प्रकाश पडतो आणि तो तिथून खाली रस्त्याकडे वळतो. पन्हाळीची एक कड किंचित तिरकी असते. तिच्यामुळे झोताची वरची रेघ रस्त्याच्या कडेच्या बाजूला थोडी उंचावते. आपण डावीकडून चालतो, म्हणून आपल्या गाड्यांत ती डावीकडे उंचावते. कडेचा पादचारी दिसावा आणि समोरून येणाऱ्याचे डोळे मात्र वाचावेत, ही यामागची योजना. उजवीकडून चालणाऱ्या देशांतला दिवा आणून इथे बसवला, तर हीच रेघ नेमकी समोरच्याच्या डोळ्यांत घुसते. एके काळी आपल्याकडे हेडलाइटच्या काचेचा वरचा भाग काळा रंगवण्याची रीत होती. तिचाही हेतू हाच होता. ही सगळी योजना तारेच्या जागेवर अवलंबून असते. तार एखाद-दुसरा मिलिमीटर सरकली तरी रस्त्यावरचा झोत बिघडतो. ही गोष्ट ध्यानात ठेवावी; पुढे तिची गरज पडणार आहे.

आता बल्ब बदलण्याच्या वाटा पाहू. पहिली वाट वॅट वाढवण्याची. नेहमीचा एच-४ हा ६०/५५ वॅटचा असतो. बाजारात १००/९० वॅटचेही मिळतात. पण प्रकाश दुप्पट केला म्हणून दिसणारे अंतर दुप्पट होत नाही. अंतर वाढते तसा प्रकाश त्याच्या वर्गाच्या प्रमाणात पातळ होत जातो. म्हणून दुप्पट प्रकाशाला अंतर मिळते सुमारे १.४ पट, म्हणजे ५० मीटरचे ७० मीटर. आणि प्रत्यक्षात त्याहूनही कमी. याउलट तोटे मात्र पुरेपूर पदरात पडतात. दोन ६० वॅटचे बल्ब १२ व्होल्टला १० अँपिअर प्रवाह ओढतात, तर दोन १०० वॅटचे जवळजवळ १७. मूळ वायर, होल्डर आणि स्विच एवढ्या भाराला केलेले नसतात. होल्डर वितळतो, स्विचचे टोक जळते, प्रसंगी वायरिंगच पेट घेते. नाकापेक्षा मोती जड, अशी गत होते.

दुसरी वाट रंगाची. निळसर काचेचे बल्ब ‘झेनॉनसारखा पांढरा प्रकाश’ म्हणून विकले जातात. निळा रंग म्हणजे गाळणी, आणि गाळणी प्रकाश कमी करते, वाढवीत नाही. उजेड पांढरा दिसतो म्हणून तो जास्त वाटतो, इतकेच. उलट ज्या बल्बांच्या खोक्यांवर ‘शंभर टक्के अधिक’ असे छापलेले असते, त्यांतल्या चांगल्या कंपन्यांच्या मालात काही तथ्य असते. त्यांची तार अधिक बारीक व अधिक तप्त असते आणि रस्त्यावरच्या काही ठरावीक ठिकाणी उजेड वाढतो. पण तो आकडा त्या ठिकाणांपुरता आणि किमान मानकाशी तुलना करून दिलेला असतो. एकूण प्रकाश काही दुप्पट होत नाही. शिवाय तार जास्त तापते म्हणून बल्बचे आयुष्य घटते.

तिसरी वाट आजकाल सर्वांत लोकप्रिय, ती म्हणजे हॅलोजनच्या जागी एल.ई.डी.चा बल्ब. कारखान्यातूनच एल.ई.डी. दिवा बसवलेली गाडी निराळी. तिचा परावर्तक किंवा भिंग त्या दिव्यासाठीच घडवलेले असते. इथे प्रश्न आहे तो हॅलोजनच्या घरात एल.ई.डी.चा भाडेकरू ठेवण्याचा. हॅलोजनची तार सर्व बाजूंना प्रकाश फेकते, एल.ई.डी.च्या चपट्या चकत्या मुख्यतः दोन बाजूंना. त्यांची जागा तारेच्या जागेशी तंतोतंत जुळली नाही, तर ती डिपरची रेघ फुटते आणि उजेड वर उधळतो. चालकाला आपल्या पुढ्यातला रस्ता झगझगीत दिसतो आणि तो खूश होतो. पण जवळचा रस्ता फार उजळला की डोळ्याची बाहुली आकसते आणि दूरचे अधिकच काळे वाटते. जर्मनीत २०२० पासून असे काही बल्ब वापरायला परवानगी मिळाली आहे, पण ती ठरावीक बल्ब ठरावीक गाडीच्या दिव्यात तपासून पाहिल्यावरच. एकच बल्ब सर्व गाड्यांना चालेल असे तिथेही मानलेले नाही.

आता समोरून येणाऱ्याचा विचार करू. अंधाराला सरावलेला डोळा अतिशय संवेदनशील झालेला असतो, आणि तो सराव पूर्ण व्हायला अर्धा तासही लागू शकतो. तीव्र झोत पडला की तो सराव क्षणात मोडतो. बुबुळामागच्या भिंगात प्रकाश पसरतो आणि सगळ्या दृश्यावर धुक्याचा पडदा ओढल्यासारखे होते. वय वाढलेल्यांना आणि मोतीबिंदू सुरू झालेल्यांना हा त्रास कितीतरी अधिक. डोळे सावरायला फक्त तीन सेकंद लागले असे धरले, तरी ताशी ६० च्या वेगाने तेवढ्यात गाडी ५० मीटर आंधळी धावते. त्या ५० मीटरांत एखादा सायकलवाला असू शकतो. त्याला आपण धडक दिलेली नसते. आपण फक्त दिवा लावलेला असतो! आणि जो आंधळा झालेला असतो, तो आपल्याच दिशेने येत असतो. तेव्हा समोरच्याचे डोळे वाचवणे हा निव्वळ परोपकारही नव्हे.

मग नीट दिसावे यासाठी करायचे तरी काय? बहुतेक वेळा दोष बल्बचा नसतोच. ‘आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार’ अशी आपल्याकडे म्हण आहे. इथे आडात असते, पण पोहऱ्याला भोके पडलेली असतात. इंजिन चालू असताना बॅटरीजवळ साधारण १४ व्होल्ट असतात. तिथून वीज फ्यूज, स्विच, डिपर अशी लांबची, बारीक वायरीची वाट चालत बल्बपर्यंत येते आणि गाडीच्या पत्र्यातून परत जाते. वाटेत गंजलेले जोड, सैल अर्थिंग आणि जळके स्विच थोडे थोडे व्होल्ट गिळतात. एच-४ चा प्रकाश १३.२ व्होल्टला मोजतात. तेव्हा डिपर सुमारे १००० आणि अप्पर १६५० ल्युमेन देतो. व्होल्ट १० टक्क्यांनी घटले, म्हणजे बल्बला ११.९ च मिळाले, तर प्रकाश १० टक्क्यांनी नव्हे, सुमारे ३० टक्क्यांनी घटतो. जास्त वॅटचा बल्ब जास्त प्रवाह ओढतो, म्हणून त्याच वायरीत गळतीही जास्त होते. अशा गाडीत महाग बल्ब घालणे म्हणजे आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी.

परीक्षा सोपी आहे. इंजिन व दिवे चालू ठेवून मल्टिमीटरने आधी बॅटरीच्या दोन टोकांवर आणि मग बल्बच्या होल्डरवर व्होल्ट मोजावेत. फरक अर्ध्या व्होल्टहून बराच जास्त आला, तर वायरिंगकडे लक्ष द्यावे. उपाय म्हणजे रिले. रिले हा विजेने चालणारा स्विच. बॅटरीपासून जाड वायर फ्यूज घालून थेट रिलेमार्गे बल्बकडे न्यायची. जुना स्विच आता फक्त रिलेला इशारा देतो, भार वाहत नाही. कालव्याचे दार उघडणारा माणूस पाणी डोक्यावर वाहून नेत नाही, तसेच हे. हे काम जाणत्या इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावे. आणि गाडी वॉरंटीत असेल तर आधी कंपनीच्या गॅरेजात विचारावे.

त्याच्या जोडीला आणखी चार गोष्टी. हेडलाइटची प्लास्टिकची काच उन्हाने पिवळी, धुरकट झाली असेल तर ती पॉलिश करून घ्यावी. परावर्तकाचा मुलामा उडाला असेल तर दिवाच बदलावा. पुढची काच आतूनही पुसावी. तिच्यावरची पुटे समोरचा झोत पसरवतात. बल्ब जुना असेल तर दोन्ही बाजूंचे एकदम, चांगल्या कंपनीचे, मूळ वॅटचेच घालावेत. आणि फोकस सेट करून घ्यावा. सपाट जागी भिंतीपासून १० मीटरवर गाडी उभी केली, तर डिपरची वरची रेघ दिव्याच्या मध्यापेक्षा साधारण १० सेंटिमीटर खाली पडावी; नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत पाहावा. मागे माणसे व सामान भरले की गाडीचे नाक वर होते आणि झोतही वर जातो. पुष्कळ गाड्यांत तो खाली आणण्यासाठी अंक लिहिलेली एक छोटी चकती असते. तिचा उपयोग फार थोडे जण करतात.

इतके केल्यावर मूळ बल्बचाच उजेड पाहून पुष्कळांना नवल वाटेल. तरीही सुरुवातीचे गणित पुसले जात नाही. डिपरवर जितके दिसते तितक्यात थांबता येईल एवढाच वेग, हा रात्रीचा पहिला नियम. तो कोणत्याही बल्बने बदलत नाही.

कायद्यानेही हा विचार केलेला आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला १०६ वा नियम सांगतो, की पुढचा दिवा असा असावा की त्याचा झोत कायमचा खाली झुकलेला राहील आणि समोरच्याचे डोळे दिपणार नाहीत. पण रात्री दोन वाजता निर्मनुष्य रस्त्यावर नियम पाहायला कोण येणार? तिथे फक्त दोन चालक असतात, एकमेकांना अनोळखी, आणि दोघांच्या हाताशी अप्पर-डिपरची एक लहानशी काडी. ‘रात्री डिपर वापरा’ अशी विनवणी ट्रकच्या पाठीवर आपण लहानपणापासून वाचीत आलो आहोत. समोरच्याने आधी डिपर द्यावा, मग मी देईन, असा हट्ट तिथे कामाचा नाही. आपण आधी द्यावा. बहुधा उत्तर येते. आणि नाही आले, तरी त्या रस्त्यावर डोळ्यांनी नीट पाहणारा निदान एक माणूस जास्त राहतो.