प्रकाशाने कोरलेले पोलाद

मराठवाड्यातल्या गंगापूर तालुक्याचा पूर्वेकडचा भाग म्हणजे वाळूज. १९८५ मध्ये बजाज ऑटोचा कारखाना इथे सुरू झाला आणि त्याच्यामागोमाग सुटे भाग बनवणारे शेकडो लहान-मोठे कारखाने उभे राहिले. इथल्या कामगाराला ‘फिनिश’ म्हणजे काय ते शिकवावे लागत नाही. इंजिनाच्या सिलिंडरचे होनिंग बघा. दगड बसवलेले हत्यार फिरत फिरत वर-खाली होते आणि आतल्या भिंतीवर एकमेकींना छेदणाऱ्या तिरप्या बारीक रेघा उठतात. त्या रेघांत तेल टिकते, म्हणून पिस्टनची रिंग भिंतीवर कोरडी घासत नाही. भिंत आरशासारखी गुळगुळीत केली, तर तेल धरायला जागाच उरत नाही. चांगला पृष्ठभाग म्हणजे नेमका हवा तेवढाच खडबडीत पृष्ठभाग.

हाच विचार प्रकाशाच्या हाती दिला की लेसर व्यतिकरणाचे तंत्र तयार होते. प्रकाशाच्या दोन लहरी भेटल्या, तर कुठे एकमेकींना बळ देतात आणि कुठे एकमेकींना पुसून टाकतात, हे थॉमस यंगने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला दाखवले. १९६० मध्ये थिओडोर मेमनने पहिला लेसर चालवला आणि लहरींची लय जुळलेला प्रखर प्रकाश हाती आला. लेसरचा एक किरण दोन भागांत विभागायचा आणि ठरावीक कोनातून दोन्ही किरण पुन्हा एकाच जागी आणायचे. धातूवर उजेड-अंधाराचे पट्टे पडतात. उजेडाच्या पट्ट्यात धातू वितळतो किंवा उडून जातो, अंधाराचा पट्टा जवळपास तसाच राहतो. लेसरची पल्स, म्हणजे प्रकाशाचा एक झटका, असते काही नॅनोसेकंदांची किंवा त्याहूनही लहान, पण तेवढ्यात प्रकाश पडलेल्या भागातल्या सगळ्या रेघा एकदम उमटतात. साध्या लेसर मार्किंगमध्ये ठिपका रेघेमागून रेघ ओढत जातो. इथे तो वेळ वाचतो.

दोन रेघांमधले अंतर ठरते ते लेसरची तरंगलांबी आणि किरणांमधला कोन यांवरून. १०६४ नॅनोमीटरच्या दोन किरणांत सुमारे १२ अंशांचा कोन ठेवला, तर रेघा साधारण ५ मायक्रॉनवर पडतात. तोच कोन ६० अंश केला की अंतर १ मायक्रॉनच्या आसपास येते. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड धरला, तर पहिल्या मांडणीत केसाच्या रुंदीत चौदा रेघा बसतात. दोनऐवजी तीन किरण वापरले की ठिपक्यांची षट्कोनी मांडणी मिळते, चार किरणांनी चौकटींची जाळी.

या तंत्राला उद्योगाच्या दारापर्यंत आणण्यात जर्मनीचा वाटा मोठा आहे. झारलँड विद्यापीठात फ्रांक म्यूक्लिश यांच्या गटाने आणि ड्रेस्डेनमध्ये आंद्रेस लासाग्नी यांच्या गटाने, फ्राउनहोफर संस्थेच्या साथीने, त्यावर वर्षानुवर्षे काम केले. घर्षण कमी करणे, विजेच्या कनेक्टरची पिन कमी जोरात आत बसवणे, विमानाच्या पृष्ठभागावर बर्फ धरू न देणे, दंतरोपणावर हाडाची पकड वाढवणे, असे त्याचे उपयोग तपासले गेले. अंतराळवीर मथियास माउरर २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर गेले, तेव्हा जंतूंना रोखणाऱ्या, नक्षीदार तांब्या-पितळेच्या पृष्ठभागांचा प्रयोगही तिथे झाला.

अडचणी आहेत, आणि त्या खऱ्या आहेत. दोन्ही किरण जिथे एकमेकांवर पडतात तेवढ्याच थरात नक्षी नीट उमटते, त्यामुळे वाकडा भाग त्रास देतो. कंपन झाले की रेघा पुसट होतात. घासून घासून नक्षी झिजते. शिवाय ती मोजायला लागणारे उपकरण आणि मोजलेले समजणारा माणूस हवा. होनिंगचा खडबडीतपणा मोजणारा साधा रफनेस टेस्टर इथे पुरत नाही, कारण एवढ्या बारीक खाचेत त्याच्या सुईचे टोक तळापर्यंत पोचत नाही.

मग वाळूजने काय करावे? मला सर्वांत जवळची वाट साच्याची वाटते. व्हॅरॉकसारख्या कंपनीची सुरुवात इथे प्लास्टिकच्या भागांपासून झाली आणि आजही वाळूजमध्ये इंजेक्शन मोल्डिंगची कमतरता नाही. पोलादी साच्याच्या आतल्या बाजूवर नक्षी एकदा उठवली, की साच्यातून निघणारा प्रत्येक भाग ती घेऊन बाहेर पडतो. महाग लेसर प्रत्येक कारखान्यात असण्याची गरज राहत नाही. एका ठिकाणी असला तरी पुरे. होलोग्रामचा धंदा याच तत्त्वावर उभा आहे. मूळ ठसा लेसरने एकदा घडवायचा, त्यावरून निकेलचा साचा काढायचा आणि मग छापत जायचे.

अशा सामाईक कामाची जागा आपल्याकडे आहे. चिकलठाण्यात इंडो-जर्मन टूल रूम आहे, तिथे साचे बनवण्याचे शिक्षण मिळते. वाळूजला मराठवाडा ऑटो क्लस्टर आहे, जिल्ह्याच्या ठिकाणी विद्यापीठाचा भौतिकशास्त्र विभाग आहे. साचा घडवणारा, माल तपासणारा आणि लहरींचे गणित मांडणारा, हे तिघे एका टेबलाशी बसले पाहिजेत. सुरुवात एका साच्यापासून करावी: अर्ध्या भागावर नक्षी, अर्धा कोरा. हजारो भाग काढल्यावर दोन्हीकडचे भाग तपासावेत आणि आकडे सगळ्यांसमोर ठेवावेत. त्यातून नकार आला तरी तो आपल्या कारखान्यात, आपल्या मालावर मिळालेला नकार असेल. इतकी वर्षे दुसऱ्याच्या ड्रॉइंगवर मायक्रॉन सांभाळणाऱ्या या हातांनी पृष्ठभागाचे ड्रॉइंग स्वतः काढायची वेळ आली आहे.