पंचवीस कोटी वर्षांपूर्वीची शिट्टी

स्वयंपाकघराचं दार बंद आहे आणि तुम्ही बाहेर उभे आहात. आत काय चाललंय? दाराला हात लावलात, तर ऊब लागते. आणि मग... फुस्सऽऽऽ! कुकरची शिट्टी! न बघताच कळलं ना, काहीतरी शिजतंय?

खगोलशास्त्रज्ञही अगदी हेच करतात. फक्त त्यांचं स्वयंपाकघर आहे 25 कोटी प्रकाशवर्षं दूर! म्हणजे तिथून निघालेला प्रकाश आपल्याकडे पोहोचायला 25 कोटी वर्षं लागतात. तो निघाला, तेव्हा पृथ्वीवर डायनोसॉरसुद्धा आले नव्हते!

त्या स्वयंपाकघराचं नाव आर्प 220, आणि ती आहे एक दीर्घिका. दीर्घिका म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचा समूह. इथे तर दोन दीर्घिका एकमेकींत घुसल्या आहेत! त्या धडकेत नवे तारे भराभर जन्मतायत. पण ते दिसत नाहीत. मध्ये धूळ आहे ना! ही धूळ ताऱ्यांचा प्रकाश गिळते, तापते आणि अवरक्त किरण सोडते. हे किरण डोळ्यांना दिसत नाहीत, पण त्यांची ऊब टिपता येते. ही झाली आपल्या दाराची ऊब! 1983 साली आयरास या उपग्रहानं ती टिपली. किती असेल? एक लाख कोटी सूर्यांपेक्षाही जास्त!

आणि शिट्टी कोणाची? ओळखा पाहू! तिथल्या वायूत सगळ्यात जास्त आहे हायड्रोजन. पण थंडीत त्याचे रेणू गप्पच बसतात. बोलका आहे कार्बन मोनॉक्साइड. होय, बंद खोलीत शेगडी पेटवली की जमणारा तोच विषारी वायू! हायड्रोजनचा रेणू येऊन आपटला की याचा रेणू गरगर फिरतो. शेवटची गिरकी थांबताना तो एक लहर सोडतो, 2.6 मिलिमीटर लांबीची. दर वेळी तेवढीच! धुळीचे कण तिच्यापुढे इतके बारीक, की ती खुशाल पार होते.

ही शिट्टी कानांना नाही, रेडिओ दुर्बिणींना ऐकू येते. चिलीच्या आटाकामा वाळवंटात, 5000 मीटर उंचीवर, आल्मा दुर्बिणीच्या 66 अँटेना अशा लहरी टिपतात. एवढ्या उंचावर का? हवेतली वाफ या लहरी शोषते, आणि तिथली हवा अगदी कोरडी आहे.

खरी गंमत पुढेच! वायू आपल्याकडे येत असला की शिट्टीचा सूर किंचित चढतो, दूर जात असला की उतरतो. त्यावरून काय कळलं असेल? आर्प 220 च्या पोटात दोन केंद्रं आहेत. प्रत्येकाभोवती वायूची एकेक तबकडी फिरतेय, आणि दोन्ही चक्क उलट्या दिशांनी!

आणखी एक शिट्टी आहे, हायड्रोजन सायनाइडची. जहाल विष हो! पण ती जोरात वाजते वायूची खूप दाटी असेल तिथेच. आणि तारेसुद्धा दाटीतच जन्मतात. यू गाओ आणि फिलिप सॉलोमन यांनी 65 दीर्घिका तपासल्या आणि 2004 साली दाखवून दिलं, की जिथे या विषाची शिट्टी दुप्पट जोरात, तिथे नवे तारेही साधारण दुप्पट वेगानं जन्मतात!