अर्ध्या वॅटचा आवाज

मी पाचगणीची, असं सांगितलं की हॉस्टेलमध्ये दोनच प्रश्न येतात. पहिला, "स्ट्रॉबेरी कधी आणतेस?" आणि दुसरा, इंग्लिश गाणी ऐकणाऱ्यांचा, "म्हणजे फ्रेडी मर्क्युरी तुमच्याकडचाच ना?" तसा तो १९४६ साली झांझिबारला जन्मला. पण फारुख बलसारा हा पारशी मुलगा आठव्या वर्षी आमच्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत बोर्डिंगला आला आणि १९५८ मध्ये शाळेतल्याच मित्रांबरोबर 'द हेक्टिक्स' नावाच्या बँडमध्ये पियानो वाजवू लागला. पुढे लंडनला १९७० साली 'क्वीन' हा बँड सुरू झाला आणि फारुखचा फ्रेडी मर्क्युरी झाला. हे सगळ्यांना माहीत असतं.

पण मित्रांनो, आपण पडलो इंजिनिअरिंगवाले! त्याच बँडमधला जो माणूस आपल्याला जवळचा वाटायला हवा, त्याचं नाव जॉन डीकन. हा बँडचा बास गिटारिस्ट, आणि शिकलेला इलेक्ट्रॉनिक्स, तेही लंडनच्या चेल्सी कॉलेजमधून फर्स्ट क्लास. १९७२ च्या सुमारास त्याला रस्त्याकडेच्या भंगारात एक सर्किट बोर्ड सापडला. जुन्या ट्रान्झिस्टर रेडिओतला असावा तसा. त्याने तो घरी नेला, एका छोट्या स्पीकरच्या खोक्यात बसवला आणि ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालवला. व्हॉल्यूमचं बटणसुद्धा नाही! बँडचा गिटारिस्ट ब्रायन मे याने आपली गिटार त्याला जोडली आणि त्या आवाजाच्या प्रेमातच पडला. १९७५ च्या 'गुड कंपनी' या गाण्यात जुन्या जॅझ बँडची वाद्यं वाजल्यासारखी वाटतात, ती खरं तर गिटार आणि हे खोकं. या खोक्याला आज 'डीकी अँप' म्हणतात.

आपल्याला तो बोर्ड मिळणार नाही. पण त्याचा लहान भाऊ म्हणता येईल असा किट पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला सहज मिळतो. त्यात एलएम ३८६ नावाचा आठ पायांचा आयसी असतो. मी हा किट सुट्टीत घरी बसून केला. त्यात काय काय असतं आणि का असतं, ते आता सांगते. (माझी शाळा कॉन्व्हेंटची, त्यामुळे 'धारित्र' वगैरे जमत नाही. कपॅसिटरला मी कपॅसिटरच म्हणणार!)

आयसीचं काम साधं आहे. २ आणि ३ नंबरच्या पायावर सिग्नल घ्यायचा, तो २० पट करायचा आणि ५ नंबरच्या पायावर द्यायचा. ६ नंबरला बॅटरीचा प्लस, ४ नंबरला ग्राउंड. १ आणि ८ यांच्यामध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला की हेच २० पट २०० पट होतं. मोबाइलवरची गाणी ऐकायची असतील तर त्याची गरज नाही. मोबाइलमधून ०.२ व्होल्ट जरी आले तरी वीसपटीने ४ व्होल्ट होतात, आणि ९ व्होल्टच्या बॅटरीवर यापेक्षा फार वर जायला जागाच नसते.

का नसते? सिग्नल नसताना ५ नंबरचा पाय बरोबर मध्यावर, म्हणजे ४.५ व्होल्टवर उभा असतो. तिथून तो जास्तीत जास्त ४.५ वर आणि ४.५ खाली जाणार. ८ ओहमच्या स्पीकरला त्यातून कागदावर सव्वा वॅटच्या आसपास पॉवर मिळते. प्रत्यक्षात आयसी थोडे व्होल्ट स्वतःकडे ठेवतो, म्हणून हातात येतो साधारण अर्धा वॅट. हसू नका. रात्री अकरानंतर रूम पार्टनरशी भांडण व्हायला अर्धा वॅट पुरतो.

हेच ४.५ व्होल्ट स्पीकरला सतत मिळाले तर कॉइल तापेल. म्हणून मध्ये २२० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लागतो. तो डीसी अडवतो आणि गाणं सोडतो. पण सगळं गाणं सोडत नाही! एक भागिले दोन पाय आर सी हे सूत्र आपण पेपरात कितीदा लिहिलंय. त्यात ८ ओहम आणि २२० मायक्रोफॅरड घाला, उत्तर येतं ९० हर्ट्झ. त्याखालचा तबल्याचा डग्गा हळूहळू गायब. कपॅसिटर १००० मायक्रोफॅरडचा केला तर हाच आकडा २० हर्ट्झवर येतो. जर्नलमध्ये नुसतं उतरवलेलं सूत्र इथे कानाने ऐकू येतं.

आता जोडणीबद्दल. २५ वॅटचा सोल्डरिंग गन पुरतो. आयसी थेट न जोडता आधी बेस जोडा. आयसीची खाच आणि कपॅसिटरचा मायनस पट्टा बोर्डवरच्या चित्राशी ताडून बघा. मोबाइलचे डावे-उजवे चॅनल एकमेकांना सरळ जोडू नका, प्रत्येकात १ किलोओहमचा रेझिस्टर घालून मग एकत्र करा. पहिल्यांदा स्पीकर न लावताच बॅटरी द्या आणि मल्टिमीटरने ५ नंबरचा पाय बघा. ४.५ च्या जवळ असेल तर निम्मी लढाई जिंकली. आयसी शांतपणे ४ ते ८ मिलीअँपिअर घेत असावा. यापेक्षा फार जास्त घेत असेल तर बॅटरी काढा आणि आधी सोल्डर कुठे सांडलंय का ते शोधा. चौकोनी छोट्या बॅटरीऐवजी पेन्सिल सेलची सहाची जोडी घ्या. मोठ्या आवाजाला अर्ध्या अँपिअरच्या आसपास करंट झटक्यात लागतो, तो त्या छोट्या बॅटरीला झेपत नाही.

आता आवाज वाढवत न्या. एका ठिकाणी गाणं फाटायला लागेल. म्हणजे वेव्हची टोकं बॅटरीच्या भिंतीला आपटून कापली जात आहेत. पुस्तकात याला डिस्टॉर्शन म्हणतात आणि ते टाळायचे उपाय ५ मार्कांना विचारतात. टोक कापलं की मूळ सुरात नसलेले वरचे सूर त्यात मिसळतात. लताबाईंच्या गाण्यात ते नकोतच. पण डीकनच्या खोक्यातले जुने जर्मेनियम ट्रान्झिस्टर, ट्रान्सफॉर्मर आणि तो छोटा स्पीकर मिळून जो आवाज 'बिघडवत' होते, तोच ब्रायन मेला हवा होता. एकाच सर्किटचा दोष दुसऱ्या कामात गुण ठरतो. काय दोष आणि काय गुण, हे डेटाशीट सांगत नाही, ते आपल्याला ठरवावं लागतं. मात्र ठरवायचं तर कुठला पार्ट काय करतो हे माहीत हवं.

आपल्याकडे किट म्हणजे सबमिशनच्या आदल्या रात्री विकत आणायची वस्तू झाली आहे. एलईडी पेटला, सही मिळाली, किट कपाटात! माझं म्हणणं एवढंच की सही मिळाल्यावर त्यातला फक्त एक पार्ट बदला. २२० च्या जागी १००० लावा, १ आणि ८ मध्ये कपॅसिटर घाला, स्पीकर मातीच्या मडक्यावर पालथा ठेवा. आणि कान देऊन ऐका. व्हायवात "हा कपॅसिटर कशासाठी?" असं विचारल्यावर जे उत्तर येईल ते पाठ केलेलं नसेल.

किट करताना अडलात तर लेडीज हॉस्टेलच्या वॉचमन काकांकडे निरोप ठेवा. मल्टिमीटर देईन, पण परत आणून द्यायचा!