फर्मेंटर थंड ठेवण्याचा हिशेब

ज्वारी, बाजरी, कापूस, ऊस इत्यादी पिकांसाठी ॲझोटोबॅक्टर जिवाणूंचे खत वापरण्याची पद्धत आता शेतकरी बंधूंच्या चांगल्या परिचयाची झाली आहे. कित्येक शेतकरी गटांनी हे खत स्वतःच तयार करण्याची केंद्रेही उभारली आहेत. द्रवरूप खताच्या दर मिलिलिटरमध्ये किमान दहा कोटी जिवंत जिवाणू असावेत, असे खत नियंत्रण आदेशाने ठरविलेले आहे. ही संख्या गाठण्यासाठी जातिवंत मूळ संवर्धन, निर्जंतुक माध्यम आणि शुद्ध हवा यांची काळजी बहुतेक केंद्रांत घेतली जाते. परंतु फर्मेंटरमध्ये निर्माण होणारी उष्णता बाहेर कशी काढावयाची, याचा हिशेब मात्र यंत्र विकणाऱ्यावर सोपविलेला आढळतो. त्याचा परिणाम काय होतो, हे २०२३ च्या मे महिन्यात सोलापूर जिल्ह्यातील एका केंद्रावर आम्हांस प्रत्यक्ष पाहावयास मिळाले.

त्या केंद्रात एक हजार लिटर द्रव मावेल असा पोलादी फर्मेंटर आहे. त्याच्या दुहेरी भिंतीतून, म्हणजे जॅकेटमधून, थंड पाणी खेळविले जाते. मृगापूर्वी खत हाती पडावे म्हणून मेच्या अखेरीस घाण चढविला होता. जिवाणूंची वाढ जोरात आली तसा तापमापकाचा काटा ३० अंशांवरून सरकू लागला. रात्री अकराला तो ३७ वर गेला. राखणीस असलेल्या तरुणाने आपल्या समजुतीप्रमाणे ढवळणीचा वेग मिनिटास १८० फेऱ्यांवरून २२५ वर नेला. पहाटे काटा ३९ च्या पुढे होता. “साहेब, ढवळणी वाढवली तरी काटा उतरेना,” असे तो काकुळतीने सांगत होता. तपासणीत जिवाणूंची संख्या प्रमाणाच्या पुष्कळच खाली भरली आणि सर्व घाण ओतून द्यावा लागला. बियाण्यास लावण्यासाठी ज्यांनी खत नोंदविले होते, त्यांची पेरणी त्या वर्षी खताविना झाली. त्या तरुणाला बोल लावणे योग्य नव्हते. ढवळल्याने चहा निवतो हे सर्वांनीच पाहिलेले असते.

आता हिशेबाकडे वळू. ॲझोटोबॅक्टर हा जिवाणू साखरेच्या बाबतीत मोठा उधळा आहे. हवेतील नत्र बांधून घेण्यासाठी तो पुष्कळ साखर जाळतो. एक ग्रॅम साखर पूर्ण जळाली म्हणजे सुमारे साडेसोळा किलोज्यूल उष्णता निघते, मग ती चुलीत जळो वा जिवाणूच्या शरीरात. ऐन वाढीच्या काळात हजार लिटरमध्ये ताशी एक किलो साखर खर्ची पडते असे धरले, तर ताशी १६,५०० किलोज्यूल, म्हणजेच ४.६ किलोवॅट उष्णता निर्माण होते. काही साखर जिवाणूंच्या शरीरात व त्यांच्या बुळबुळीत स्रावात जाते हे खरे. तथापि सर्व जळाली असे धरून चालणे सुरक्षित आहे. त्यात ढवळणीची भर पडते. ढवळणीस लागणारी शक्ती अखेर द्रवातच उष्णतेच्या रूपाने जिरते; या यंत्रात ती १.१ किलोवॅट होती. एकूण ५.७ किलोवॅट झाले. घरी पाणी तापविण्यासाठी वापरतात तसे दीड किलोवॅटचे जवळजवळ चार रॉड फर्मेंटरमध्ये अहोरात्र सोडून ठेवावेत, तसा हा प्रकार होय. बाहेर पडणारी हवा बाष्पाबरोबर थोडी उष्णता नेते, पण ती अर्ध्या किलोवॅटच्या आसपासच असते. तेवढी हाताशी राखीव समजावी.

ही उष्णता भिंतीतून पलीकडच्या पाण्यात जावयाची असते. किती जाईल हे तीन गोष्टींवर ठरते: भिंतीचे क्षेत्रफळ, आतील द्रव व पाणी यांच्या तापमानांतील फरक, आणि मार्गातील अडथळे. पहिल्या दोहोंच्या गुणाकाराला अडथळ्यांनी भागले की उत्तर मिळते. या फर्मेंटरचा व्यास एक मीटर व द्रवाची उंची १.२७ मीटर, म्हणून जॅकेटने वेढलेली भिंत ४ चौरस मीटर भरते. खरी मेख अडथळ्यांत आहे.

उष्णतेला प्रथम आतील द्रवाचा भिंतीलगतचा पातळ थर ओलांडावा लागतो, मग पोलादाचा पत्रा आणि शेवटी जॅकेटमधील पाण्याचा भिंतीलगतचा थर. नेहमीची सूत्रे वापरून आम्ही या तिन्ही अडथळ्यांना अंश दिले. ढवळणीमुळे आतील थर फार पातळ राहतो. त्याचे अंश ३३ आले. चार मिलिमीटर पत्र्याचे २५. परंतु जॅकेटच्या रुंद पोकळीतून पाणी अगदी संथ चालत असल्याने त्या बाजूचे अंश तब्बल २०० आले. बेरीज २५८. एक लाखाला या बेरजेने भागले म्हणजे दर चौरस मीटरमधून, तापमानाच्या दर अंश फरकामागे किती वॅट उष्णता जाईल ते कळते. येथे तो आकडा ३८८ येतो.

हे झाले नव्या यंत्राचे. या केंद्राच्या विहिरीचे पाणी जड आहे. जॅकेटची झाकणी उघडून पाहिली तेव्हा आत सुमारे दोन मिलिमीटर जाडीचा क्षारांचा पांढरा थर चिकटलेला दिसला. अशा थराचा अडथळा सुमारे आणखी २०० अंशांचा धरावा लागतो. बेरीज ४५८ झाली आणि ३८८ चा आकडा २१८ वर घसरला. नखाएवढ्या जाडीच्या थराने भिंतीची जवळजवळ निम्मी शक्ती खाल्ली.

ढवळणी वाढवून काय साधले, हेही आता पाहता येईल. वेग सव्वापट केल्याने आतील थराचे अंश ३३ वरून २९ वर आले. म्हणजे ४५८ चे ४५४ झाले, शेकडा एकाचा लाभ. उलट ढवळणीला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. सव्वाचा घन जवळजवळ दोन, म्हणून १.१ किलोवॅटच्या जागी २.१ किलोवॅटहून अधिक उष्णता द्रवात पडू लागली. अडथळा जॅकेटच्या बाजूला आणि उपाय फर्मेंटरच्या पोटात, असे झाले. घाण स्रावामुळे फार घट्ट झाला असेल तर मात्र आतील थर जाड होतो, आणि त्या वेळी ढवळणीचा विचार निराळा करावा लागतो.

तापमानातील फरकाची गोष्ट तर याहून सोपी, पण तिच्याकडेच सर्वांत अधिक दुर्लक्ष झाले होते. केंद्रात पाणी गच्चीवरील उघड्या टाकीतून येई आणि तापून त्याच टाकीत परत जाई. मे महिन्यात त्या टाकीचे पाणी संध्याकाळी ३१ अंशांवर होते. ज्या पाण्याने ३० अंशांचा द्रव थंड करावयाचा तेच ३१ अंशांचे! थर बसलेल्या भिंतीतून ५.७ किलोवॅट जाण्यास साडेसहा अंशांचा फरक हवा. पाण्याची सरासरी ३२ धरली तर द्रव साडेअडतीस अंशांवर जाऊन स्थिरावणार, हे कागदावरच दिसते. तापमापकाने तेच दाखविले. त्यावर ढवळणीने आणखी एक अंशाची भर घातली.

त्याच केंद्राच्या विंधन विहिरीचे पाणी २६ अंशांचे निघते. ते सरळ जॅकेटमध्ये घेऊन २८ अंशांवर बाहेर सोडले, तर ३० अंशांच्या द्रवाशी त्याचा फरक आरंभी ४ व शेवटी २ राहतो. योग्य रीतीने काढलेली सरासरी २.९ येते. ३८८ गुणिले ४ गुणिले २.९, म्हणजे साडेचार किलोवॅट. हे ५.७ ला पुरत नाही. परंतु द्रव ३१ च्या जवळ जाऊन थांबतो आणि तेवढे जिवाणूंना सोसते. याकरिता पाणी ताशी सुमारे अडीच हजार लिटर लागते. ते वाया न घालविता शेततळ्यात किंवा ठिबकाच्या टाकीत सोडावे.

पाणी थंड करणारे यंत्र, म्हणजे चिलर, घ्यावे काय, असा प्रश्न केंद्राच्या अध्यक्षांनी केला. १५ अंशांचे पाणी मिळाल्यास चिंता उरत नाही हे खरे. पण जॅकेटमध्ये पाण्याला गोल फिरविणाऱ्या सर्पिल पट्ट्या बसविल्यास पाणी वेगाने वाहते. त्या बाजूचे अंश २०० वरून ६७ वर आणता आले तर बेरीज १२५ होते, आकडा ८०० वर जातो आणि विंधन विहिरीचेच पाणी नऊ किलोवॅट उष्णता नेऊ शकते. आमच्या मते पैसा प्रथम तेथे घालावा. विजेचे बिल चिलरबरोबर दरमहा येते. मोठा फर्मेंटर घेण्याच्या विचारात असलेल्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. लांबीरुंदी दुप्पट केली की द्रव आठपट होतो, पण भिंत चौपटच वाढते.

क्षारांचा थर काढण्यासाठी सायट्रिक आम्लाचे सौम्य, कोमट द्रावण जॅकेटमधून काही तास फिरवून नंतर स्वच्छ पाण्याने धुवावे. मिठाचे आम्ल स्टेनलेस पोलादाला खड्डे पाडते. ते कदापि वापरू नये. पाणी जॅकेटच्या तळाशी आत घ्यावे व वरून बाहेर काढावे, नाहीतर वरच्या भागात हवा कोंडून तेवढी भिंत निकामी होते.

जॅकेटची परीक्षा केंद्रावरच करता येते. हंगामापूर्वी फर्मेंटरमध्ये हजार लिटर साधे पाणी भरून ४५ अंशांपर्यंत तापवावे, ढवळणी चालू ठेवून जॅकेटमध्ये थंड पाणी सोडावे आणि ४२ वरून ३८ अंशांवर येण्यास लागणारा वेळ घड्याळाने मोजावा. चार अंश उतरणे म्हणजे १६,७२० किलोज्यूल उष्णता बाहेर जाणे. जॅकेटच्या पाण्याची सरासरी २८ असेल तर फरक १२ अंशांचा. स्वच्छ जॅकेटला पंधरा मिनिटे लागावीत, थर बसलेल्याला सत्तावीस. त्या केंद्रात डिसेंबर २०२३ मध्ये आम्लाने धुलाई झाल्यावर ही वेळ सोळा मिनिटे आली. ती तारखेसह फर्मेंटरच्या खोलीच्या दारावर रंगाने लिहून ठेवली आहे आणि दर एप्रिलमध्ये तिच्याखाली नवी ओळ लिहावयाची, असे ठरले आहे.