कच्च्या लायसन्सचा महिना

लूना बंद पडली आणि सोळा वर्षांच्या मुलांचं लायसन्स कागदावरच राहिलं. मोटार वाहन कायदा १९८८ सालचा. त्याच्या चौथ्या कलमात आजही लिहिलेलं आहे की ५० सीसीपर्यंतच्या दुचाकीला सोळा वर्षं पुरेत, इतर खासगी गाड्यांना अठरा हवीत. कायदा झाला तेव्हा या सवलतीला अर्थ होता. १९७२ साली आलेली कायनेटिकची लूना तोवर गल्लोगल्ली पोचली होती. पायडल मारून सुरू व्हायची, चढ आला की पुन्हा पायडलच मारावं लागायचं. तिच्यावर बसून पोरगा जाऊन जाऊन कुठे जाणार? क्लासला, फार तर मामाकडे.

आज शोरूममध्ये जाऊन ५० सीसीची गाडी मागून बघा, सेल्समन तुमच्या तोंडाकडे बघत राहील. ॲक्टिव्हा ११० सीसीच्या घरात, ज्युपिटर तशीच, आणि पुढची पायरी थेट १२५ ची. म्हणजे आईवडिलांची संमती असेल तर कायदा दहावी झालेल्या मुलाला लायसन्स देतो, पण त्यावर चालवायची गाडी बाजारात जवळजवळ नाहीच. तरी ही लायसन्सं काढली जातात. का, ते कुठल्याही ज्युनिअर कॉलेजच्या पार्किंगमध्ये कळेल. ‘विदाउट गिअर’चं कार्ड खिशात आहे आणि ॲक्टिव्हाला गिअर नाहीत, मग अडचण काय, असा सरळ हिशेब. अडचण त्या ५० सीसीच्या अटीत आहे. पोराला ती ठाऊक नसते, बापाला असते. पण सकाळी साडेसहाच्या क्लासला सोडायला रोज कोण उठणार?

दुसरी पळवाट विजेची. ‘याला लायसन्स लागत नाही’ हे दुकानदाराचं वाक्य काही गाड्यांपुरतं खरं असतं. मोटरची ताकद २५० वॉटपर्यंत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल, तरच त्या गाडीला नोंदणी आणि लायसन्स यांतून सूट आहे. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्यानं कंट्रोलरशी खटपट करून तीच गाडी ४५ नं पळवली, की कायद्याच्या दृष्टीनं ती साधी मोटारसायकल झाली. नंबरप्लेट नसलेली, विमा नसलेली, आणि वर बसलेला बिनालायसन्सचा.

या सगळ्याची किंमत कोण मोजतो, ते २०१९ च्या दुरुस्तीनं स्पष्ट केलं. कलम १९९ अ. अल्पवयीन मुलानं गाडी चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी. तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत लायसन्स नाही. ‘मला न सांगता किल्ली घेतली’ हे सांगून सुटका होत नाही, कारण कोर्ट मुळात असंच धरून चालतं की गाडी तुमच्या संमतीनं गेली. तसं नव्हतं हे तुम्हीच सिद्ध करायचं. मुलाकडे त्याच प्रकारच्या गाडीचं रीतसर शिकाऊ किंवा पक्कं लायसन्स असेल तर पालकावरचा हा ठपका टळतो. ५० सीसीच्या कार्डावर ११० सीसी चालवणाऱ्याच्या आईवडिलांनी ‘त्याच प्रकारच्या’ हे शब्द दोनदा वाचावेत.

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या मुलाच्या पोर्शनं दोन तरुण इंजिनीअरांचा जीव घेतला. बाल न्याय मंडळानं जामिनाच्या अटींत ३०० शब्दांचा निबंध घातला आणि महाराष्ट्रभर संताप उसळला. त्यानंतरचे काही आठवडे शाळांच्या बाहेर पोलीस उभे राहिले, पालकांच्या ग्रुपवर कलमं फिरली, घरोघरी किल्ल्या कपाटात गेल्या. आणि जून उजाडला, क्लास सुरू झाले, किल्ल्या पुन्हा खुंटीवर आल्या.

असो. अठरा पूर्ण झालेल्यांकडे वळू. बारावीचा निकाल लागला की आरटीओच्या सारथी पोर्टलवर झुंबड उडते. शिकाऊ, म्हणजे बोलीतलं ‘कच्चं’ लायसन्स महाराष्ट्रात जून २०२१ पासून घरबसल्या काढता येतं. आधार क्रमांक जोडायचा, प्रकृतीबद्दलचा नमुना १ स्वतःच भरायचा, रस्ता सुरक्षेचा व्हिडिओ पूर्ण बघायचा (पुढे ढकलता येत नाही, हा मुलांना फार मोठा अन्याय वाटतो), आणि मग परीक्षा. आधार जोडायचं नसेल तर आरटीओत जाऊन तिथल्या संगणकावर बसायचं. फी प्रत्येक वाहनप्रकाराला दीडशे रुपये, परीक्षेचे पन्नास. एवढ्यासाठी एजंट गाठून हजारभर रुपये मोजणारी सुशिक्षित माणसं मी पाहतो, तेव्हा मला त्यांच्या पदव्यांची काळजी वाटते.

अर्जात एक प्रश्न असतो, तो बहुतेक जण वाचतही नाहीत: अपघाती मृत्यू झाल्यास अवयवदान करायची तयारी आहे का? अठरा वर्षांच्या मुलाला सरकार पहिल्यांदाच त्याच्या मरणाबद्दल काही विचारतं, आणि तो ‘पुढे’चं बटण शोधत असतो.

परीक्षेत पंधरा प्रश्न, नऊ बरोबर आले की पास. खुणांचा अभ्यास न करता बसलेले हमखास अडकतात ते निळ्या चकतीपाशी. लाल कडेची निळी गोल पाटी, तिच्यावर एक तिरपी लाल रेघ असेल तर पार्किंगला मनाई; दोन रेघांची फुली असेल तर थांबायलाच मनाई. पहिलीत प्रवासी उतरवायला क्षणभर थांबता येतं, दुसरीत तेही नाही. खरं तर पाट्यांच्या आकाराचं सूत्र कळलं की निम्मं पाठांतर वाचतं. गोल पाटी हुकूम देते, त्रिकोणी पाटी सावध करते, चौकोनी माहिती सांगते. फक्त ‘थांबा’ अष्टकोनी आणि ‘रस्ता द्या’ उलटा त्रिकोण, कारण चिखलानं माखल्या तरी या दोन पाट्या आकारावरून ओळखू आल्या पाहिजेत. घरून दिलेल्या परीक्षेत कॅमेऱ्याला उमेदवाराचा चेहरा दिसतो. टेबलापलीकडून खुणा करणारा मोठा भाऊ दिसतोच असं नाही. त्यामुळे या पायरीला मी फार महत्त्व देत नाही. खरी गोष्ट त्यानंतर सुरू होते.

कच्चं लायसन्स सहा महिने चालतं आणि पक्क्याची परीक्षा निदान तीस दिवसांनी देता येते. हा मधला महिना शिकण्यासाठी आहे. आपल्याकडे तो बहुतेक घरांत वाट बघण्यात जातो. ‘महिना झाला की तारीख घेऊ.’ कायद्यानं दिवस मोजले, पण या दिवसांत गाडी किती तास चालवली, कुठे चालवली, रात्री चालवली का, पावसात चालवली का, हे विचारायची तरतूदच नाही. तीस दिवस गाडीला हात न लावता एकतिसाव्या दिवशी परीक्षेला उभं राहता येतं, आणि जमलं तर पासही होता येतं.

तुलनेला कॅलिफोर्निया घ्या, कारण तिकडे वाढणाऱ्या मराठी मुलांच्या तोंडून हे इकडच्या आजीआजोबांच्या कानावर येतच असतं. साडेपंधराव्या वर्षी परमिट, ते निदान सहा महिने वापरायचं, आणि त्या काळात मोठ्या माणसाला शेजारी बसवून ५० तास गाडी चालवायची, त्यातले १० रात्रीचे. तास पुरे झाल्याची सही पालक करतात. सोळाव्या वर्षी परीक्षा पास झाली तरी पहिलं वर्षभर रात्री अकरा ते पहाटे पाच गाडी काढायची नाही आणि विशीच्या आतले मित्र गाडीत घ्यायचे नाहीत. सोबत पंचविशी ओलांडलेला लायसन्सधारक असेल तर गोष्ट वेगळी. मित्रांवरचा निर्बंध मला सगळ्यात शहाणपणाचा वाटतो. शेजारी आई असताना चाळीसनं जाणारा मुलगा मागच्या सीटवर तीन मित्र बसले की काय करतो, हे जगभर सारखंच आहे.

आपल्याकडे नियम अगदीच नाहीत असं नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला तिसरा नियम शिकाऊंसाठीच आहे. गाडीच्या पुढे आणि मागे पांढऱ्या पाटीवर लाल ‘एल’; पाटी निदान १८ सेंटिमीटर चौरस, अक्षर निदान १० सेंटिमीटर उंच. शेजारी त्याच प्रकारच्या गाडीचं लायसन्स असलेला माणूस, आणि तोही असा बसलेला की वेळ आल्यास गाडी आवरता आली पाहिजे. घरच्या गाडीत डावीकडे बसलेल्या बापाच्या हातात काय असतं? हँडब्रेक. तेवढाच. म्हणून शिकवणाऱ्यानं मोबाइल खिशात आणि उजवा हात त्या दांड्याजवळ ठेवायचा. नव्या गाड्यांत त्या जागी बोटाएवढं बटण आलंय, ते ओढून धरलं तर काय होतं हे रिकाम्या मैदानात आधी करून बघावं. स्कूटरवर तर शिकवणारा मागे बसतो आणि ‘ब्रेक! ब्रेक!’ ओरडण्यापलीकडे त्याच्या हाती काही नसतं. शिकाऊ मुलानं मित्राला मागे बसवून फिरवणं मात्र नियमानं बंद आहे. विम्याची पॉलिसी काढून वाचली तर त्यातही हाच तिसरा नियम सापडेल. कच्च्या लायसन्सवर गाडी चालवलेली विमा कंपनीला चालते, पण या नियमाच्या अटी पाळल्या असतील तरच.

ड्रायव्हिंग स्कूलला सुद्धा नियम आहे: निदान एकवीस दिवस आणि प्रत्यक्ष गाडी चालवण्याचे निदान दहा तास. रोज अर्धा तास धरला तर एकवीस दिवसांचे साडेदहा तास होतात, हिशेब चोख बसतो. फक्त त्या अर्ध्या तासात मागच्या सीटवरच्या पुढच्या शिकाऊला घरून उचलणं आणि आधीच्याला क्लासवर सोडणंही असतं. आणि स्कूलच्या गाडीत सरांच्या पायाखाली वेगळा क्लच-ब्रेक असतो. सिग्नलला गाडी बंद पडली नाही म्हणून मुलगी खूश असते, क्लच अर्धा धरलेला असतो सरांनी. एकवीस दिवसांनी ती घरच्या स्विफ्टमध्ये बसते, पहिला गिअर टाकते, क्लच सोडते आणि गाडी ढेकर देऊन बंद पडते. ‘अगं हळू सोड, हळू.’ ‘बाबा, हळूच सोडतेय.’ मागून रिक्षावाल्याचा हॉर्न. शिकणं सुरू होतं ते इथे, आणि कच्च्या लायसन्सचे उरलेले दिवस याच्यासाठी वापरायचे असतात. रविवारी सकाळी मोकळ्या रस्त्यावर चार फेऱ्या पुरत नाहीत. शाळा सुटतानाचा रस्ता, एसटी स्टँडसमोरचा चौक, दिवेलागणीनंतर समोरून अप्पर टाकून येणारा ट्रक, पहिल्या पावसात तेलकट झालेला डांबरी उतार, हे सगळं शेजारी कुणी असताना एकदा तरी झालेलं बरं.

पक्क्याची परीक्षा त्या मानानं छोटी. फी प्रत्येक प्रकाराला तीनशे, लायसन्सचे दोनशे. किरकोळ आकार वेगळे. दुचाकीला मैदानावरचा आठ काढायचा, पाय न टेकवता. नवशिके पुढच्या चाकाकडे बघतात आणि तिथेच कोलमडतात. नजर वळणाच्या पुढे हवी, वेग पायी चालण्याएवढा, गिअरची गाडी असेल तर हाफ क्लच आणि मागचा ब्रेक किंचित दाबलेला. गाडी आपली आपण आणायची, आरसी, विमा आणि पीयूसीसकट. एका स्प्लेंडरवर आळीपाळीनं पाच-सहा पोरं पास होताना या मैदानांवर सर्रास दिसतात. गिअरवालं लायसन्स हवं असेल तर गिअरचीच गाडी लागते, ॲक्टिव्हा घेऊन गेलेल्याला विदाउट गिअरवर समाधान मानावं लागतं.

चारचाकीत पुण्याच्या मुलांना भोसरीचा ट्रॅक गाठावा लागतो. तिथे साहेब शेजारी बसून मान डोलावत नाहीत, सेन्सर बघतात. आठ, इंग्रजी ‘एच’च्या आकारात पुढे जाऊन रिव्हर्स, आणि चढावर थांबवून मागे न घसरता गाडी पुन्हा काढणं. या चढावर जे नापास होतात ते बहुधा स्कूलच्या सरांचा पाय सोबत नसल्यामुळे. नापास झालात तर सात दिवसांनी पुन्हा यायचं. तीनदा झालात तर साठ दिवसांनी. जिथे असे ट्रॅक नाहीत, तालुक्याच्या ठिकाणी आरटीओचा कॅम्प भरतो तिथे, शंभर मीटर पुढे, थोडं मागे, ‘बस, उतर’ एवढ्यावर भागतं अशी तक्रार जुनी आहे. देशात २०२२ साली रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, त्यांतली चाळीस टक्क्यांहून जास्त दुचाकीवरची. सगळा दोष या परीक्षेचा नाही. खड्ड्यांचा, दारूचा, उलट्या दिशेनं येणाऱ्यांचा हिशेब वेगळा आहे. पण चालक आणि रस्ता यांच्यामध्ये सरकार जिथे एकदाच उभं राहतं ती जागा हीच.

एकदाच, हे शब्दशः खरं आहे. पास झाल्यावर कार्ड पोस्टानं घरी येतं, तोवर डिजिलॉकरमधलं दाखवलं तरी पोलिसांना मान्य करावं लागतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर तिशीच्या आत काढलेलं लायसन्स वयाच्या चाळिसाव्या वर्षापर्यंत चालतं. अठराव्या वर्षी एका मिनिटात आठ काढलेल्या मुलाला त्यानंतर बावीस वर्षं कुणी काही विचारत नाही. पुढे नूतनीकरणाला गेला की त्याच्याकडे डॉक्टरच्या सहीचा नमुना १ अ मागतात. गाडी चालवून दाखव असं तेव्हाही सहसा म्हणत नाहीत.