रथ, रबर आणि नागसेन

आजचा विषय ऐकून काहींनी विचारलं, तत्त्वज्ञानाच्या मास्तरांचा आणि मोटारसायकलच्या रबराचा काय संबंध? सांगतो.

मागच्या पावसाळ्यात कामशेतहून लोणावळ्याला निघालो होतो. गाडी जुनी, कार्बोरेटरची. मागे नातू. कार्ला फाट्याजवळ पेट्रोलचा वास आला. थांबून बघतो तर नळी चिरलेली, आणि थेंब पडत होते गरम इंजिनाशेजारी! मिस्त्रीला म्हटलं, "वय झालं गाडीचं." तो म्हणाला, "सर, गाडीचं नाही, रबराचं."

'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात नागसेन यवन राजाला हेच विचारतो. चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? नाही. या सगळ्यांच्या जुळणीला आपण रथ म्हणतो. म्हणून 'गाडी बिघडली' हे निदान नव्हे. काय बिघडलं, ते शोधायचं.

त्याच कार्ल्याच्या चैत्यगृहात छताच्या लाकडी कमानी सुमारे २००० वर्षं टिकल्या आहेत. रबराला ते आयुष्य नाही. उष्णता, ऑक्सिजन आणि ओझोन यांनी ते कडक होतं, तडकतं. त्यात आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल. जुन्या प्रकारचं रबर त्याने फुगतं, कमकुवत होतं. काही जुन्या गाड्यांत २० ते ३० हजार किलोमीटरनंतर काही रबरी भाग बदलावे लागू शकतात, असं पेट्रोलियम मंत्रालयानेही २०२५ मध्ये सांगितलं.

दोन जागा बघा. पहिली, टाकीच्या कॉकपासून कार्बोरेटरपर्यंतची नळी. ही फाटली तर पेट्रोल बाहेर येतं, धोका आगीचा. दुसरी, कार्बोरेटर आणि इंजिन यांना जोडणारं रबर. हे चिरलं तर बाहेरची हवा आत शिरते, मिश्रणात पेट्रोल कमी पडतं. मग रेस आपोआप चढते-उतरते, घाटात दम लागतो, इंजिन जास्त तापतं. संशय असेल तर गाडी चालू ठेवून त्या सांध्यावर थोडं पाणी फवारा. आवाज बदलला, तर हवा तिथूनच शिरते आहे. पेट्रोल किंवा ज्वालाग्राही स्प्रे मात्र कधीही वापरू नका.

बदलताना इंजिन थंड हवं, जागा उघडी हवी, कॉक बंद आणि बॅटरीची निगेटिव्ह वायर काढलेली हवी. नळी त्याच आतल्या व्यासाची, इथेनॉलयुक्त पेट्रोलला चालणारी घ्या. पाण्याची प्लास्टिक नळी नको. ती वळवताना मुडपू नये, इंजिनाला टेकू नये. इनटेकच्या चिरलेल्या रबराला सोल्यूशन फासून वेळ मारून नेऊ नका, नवंच बसवा. क्लिप घट्ट करा, पण रबर कापेल इतकी नाही. शेवटी कॉक उघडा, पाच मिनिटं थांबा, सांधे कोरडे आहेत ना ते बघा. मगच किक मारा.

आता तुम्ही विचाराल, सगळेच भाग बदलत गेलो तर गाडी तीच राहते का? त्यावर पुढच्या व्याख्यानात वाद घालू. तोवर नळी तेवढी बघून घ्या. वादाला सवड असते, थेंबाला नसते.