पत्ते पिसणारं यंत्र आणि आपला खिसा

पत्ते आपल्या घरांना नवे नाहीत. दिवाळीत नांदेड-लातूरकडच्या घरांत जेवणं उरकली, की सतरंजी पडते आणि झब्बू नाहीतर पाच-तीन-दोन रंगतं. डाव संपला की पत्ते गोळा करायचे, पिसायचे, शेजारच्याकडून काटून घ्यायचे, मग वाटायचे. तेवढ्यात कुणी चिवड्याची बशी पुढे ओढतं, आणि सासूबाई म्हणतात, "पुरे आता, अकरा वाजले!"

हा मधला विसावा जिथे उरलेला नाही, अशा टेबलाविषयी आज थोडं सांगायचं आहे. सुट्टीत गोव्याला गेलं, की पणजीला मांडवी नदीत दिव्यांनी लखलखणारी कॅसिनोची जहाजं दिसतात. २०२१ मध्ये मुंबईहून गोव्याकडे कॉर्डेलिया क्रूझ सुरू झाली, तिच्यावरही कॅसिनो आला. "बघून तर येऊ" म्हणत मंडळी आत शिरतात. म्हणून आतलं गणित आपल्याला माहीत असलेलं बरं.

तिथला एक लोकप्रिय खेळ म्हणजे ब्लॅकजॅक. पत्त्यांची बेरीज एकवीसच्या जवळ न्यायची, पण वर जाऊ द्यायची नाही. चित्रांचे दहा, एक्क्याचा एक किंवा अकरा. खेळ सोपा दिसतो. मेख अशी, की आधी आपण पत्ते घ्यायचे. आपली बेरीज एकवीसच्या वर गेली, की पैसे गेलेच. मागून डीलरचीही गेली तरी ते परत मिळत नाहीत. मालकाचा फायदा इथेच आहे.

अमेरिकेतले गणिताचे प्राध्यापक एडवर्ड थॉर्प यांनी १९६२ साली पुस्तक लिहून दाखवलं, की कोणते पत्ते येऊन गेले हे लक्षात ठेवलं तर हा फायदा उलटवता येतो. मालक मंडळी सावध झाली. पुढे पत्ते पिसणारी यंत्रं आली. एका प्रकारात सहा-आठ जोडांचा एक संच खेळात असताना दुसरा यंत्रात पिसून तयार होतो. दुसऱ्या प्रकारात खेळून झालेले पत्ते लगेच यंत्राच्या पोटात जातात आणि पुन्हा मिसळतात. तिथे पत्ते लक्षात ठेवून काही उपयोग नाही.

यंत्र लबाडी करतं का? तसं समजू नका. खरी गोष्ट निराळीच आहे. हाताने एक जोड नीट मिसळायला सातेक वेळा पिसावा लागतो, असं गणितज्ञांनी १९९२ मध्ये दाखवलं. त्याला वेळ लागतो. यंत्र हा वेळ वाचवतं आणि तासाला जास्त डाव होतात. समजा, प्रत्येक डावाला पाचशे रुपये लावले आणि मालकाचा वाटा सरासरी शंभराला दोन रुपये धरला, तर डावामागे दहा रुपये गेले. तासाला साठ डाव झाले तर सहाशे, ऐंशी झाले तर आठशे. नशीब तेच, पत्ते तेच. दोनशे रुपये गेले ते फक्त वेगापायी!

पिसताना जो विसावा मिळायचा, त्यात माणूस खिसा चाचपायचा, घड्याळ बघायचा. आता पुढचा डाव समोर येऊन पडलेलाच असतो. मोबाईलवरच्या पैशाच्या रमीतही हेच घडलं; तिथे तर टेबलावरून उठायचाही प्रश्न नव्हता. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. पण कायदा आपल्या घरात रोज डोकावायला येत नाही.

तेव्हा बायांनो, एवढं करा. आडतीवरची सोयाबीनची पट्टी किंवा महिन्याचा पगार आला, की वाणसामान, शाळेची फी आणि हप्ता आधी बाजूला काढा. सहलीत जहाज बघायचंच असेल, तर गेलेच असं समजून ठरावीक रोख रक्कम न्या. कार्ड आणि मोबाईल खोलीवर ठेवा. परतायची वेळ आधीच सगळ्यांसमोर बोलून ठेवा. हरलेले भरून काढायला पुन्हा बसायचं नाही, हा नियम जिंकणाऱ्यालाही लावा.

आणि घरातलं कुणी लपवून खेळत असेल, तर आरडाओरड न करता एका संध्याकाळी वही घेऊन दोघांनी हिशेबाला बसा. कर्ज किती, कुणाचं, सगळं लिहा. यंत्राने काढून घेतलेला विसावा त्या माणसाला द्यायला घरचंच कुणीतरी लागतं.